खालच्या घळीचा हट्ट

विंडो रॉक, १२ ऑगस्ट १९९१

कडूपाणी कुळातल्या माझ्या बहिणीच्या मुलीस, अर्लीनला,

तुझ्या पत्राला उत्तर देण्यापूर्वी त्यातला मजकूर दुरुस्त करणे भाग आहे. तू लिहितेस : "आईचा जन्म खालच्या घळीत झाला, ज्या वर्षी सरकारी माणसांनी आपल्या शेळ्या मारल्या त्याच वर्षी, म्हणून तिला ती घळ एकदा पाहायची आहे." यातले एकही विधान टिकत नाही. घळीत कोणी बाळंत होत नसते. तुझी आई पठारावरच्या आमच्या हिवाळी होगनमध्ये जन्मली. मातीने लिंपलेले ते आठ कोनी घर तू स्वतः पाहिलेले आहेस. शेळ्या मारल्या गेल्या तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि मी दहा. तुला ही हकीकत आईनेच सांगितली असेल, तर तिने ती तशी का सांगितली, हे मला उमगत नाही.

आता तुझा प्रश्न. आईला घळीचा कोणता भाग दाखवावा, असे तू विचारतेस. माझे उत्तर : वरचा.

वरच्या घळीत तळ सपाट वाळूचा आहे आणि आपल्या कुळातल्या डेलबर्टचा ट्रक थेट तोंडापर्यंत जातो. तो रोज पाहुण्यांना नेतो, त्याला वाट पाठ आहे. दुपारी वरून उजेड उतरतो तेव्हा भिंती आतून पेटल्यासारख्या दिसतात. म्हाताऱ्या माणसाला बसण्याजोगे कट्टेही आहेत. खालच्या घळीसाठी कोरड्या ओढ्यातून बरेच चालावे लागते. पुढे अंग तिरके करून शिरावे लागते, आणि मध्ये पुरुषभर उंचीची एक पायरी चढावी लागते. तुझ्या आईच्या गुडघ्यांची अवस्था तू जाणतेस. शिवाय आपल्यापैकी तिकडे कोणी जात नाही. जाण्यासारखे तिथे काही नाही.

तू माझी पत्रे आईला मोठ्याने वाचून दाखवतेस, हे लक्षात ठेवूनच मी लिहीत असतो. तिला माझा नमस्कार सांग.

क्लेमंट

कायबिटो, २५ ऑगस्ट

मामा,

पत्र वाचून दाखवलं. आई मांडवात कॉफी पीत बसली होती. ऐकून इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला.

म्हणाली, "त्याला लिही, मी जन्मले तेव्हा तो नव्हता. त्याला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "पण तूच तर म्हणालीस घळीत म्हणून."

"म्हणाले असेन. तू फार विचारतेस. गोऱ्यांच्या घरी वाढलेल्या मुलीला 'का'चं उत्तर दिल्याशिवाय ती हलत नाही, म्हणून दिलं एक."

हे ती मला नेहमीच ऐकवते. आठव्या वर्षी मला शिकायला यूटाच्या त्या कुटुंबाकडे कुणी पाठवलं, हे मात्र ती सांगत नाही.

"आणि गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. त्याने त्याचे सांभाळावेत."

मामा, माझी पत्रं तिला कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून इथे लिहिते. दवाखान्यात पुन्हा नेलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पोटातली गाठ आता काढण्यासारखी राहिलेली नाही. हिवाळा ती पाहील असं त्यांना वाटत नाही. दुभाषी मुलगी तिथे उभी होती, पण तिने हे आईला सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगायला हवं का? तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेलंत, तुम्हाला कळेल.

म्हणून मला तिला एक चांगला दिवस द्यायचा आहे. तिने आयुष्यात माझ्याकडे हे एकच मागितलं आहे.

नव्या घराचंही सांगायचं राहिलं. मार्चमध्ये किल्ली मिळाली. घरांच्या यादीत नाव लावून मी किती वर्षं वाट पाहिली, तुम्हाला माहीत आहे. नळाला पाणी आहे, दोन खोल्या आहेत, एक तिच्यासाठीच रंगवली. ती दिवसा येते, माझ्यासाठी मटणाचा रस्सा करते आणि झोपायला पुन्हा बाहेर फांद्यांच्या मांडवात जाते. म्हणते, पाहुण्याने फार दिवस आत झोपू नये. मी तिची पाहुणी की ती माझी?

डेलबर्टने तिला समजावून पाहिलं. "मावशी, वरच्या घळीत ये ना. पुढच्या सीटवर बसवतो. जर्मन लोक तुझे फोटो काढतील."

"म्हणून तर येत नाही. माझं तोंड जर्मनीला कशाला पाठवतोस?"

"मग खाली काय आहे?"

"खाली जर्मन नाहीत."



अर्लीन

विंडो रॉक, ६ सप्टेंबर

अर्लीन,

या वेळी दोन कागद पाठवत आहे. निळ्या शाईचा कागद आईला वाचून दाखव. त्यात पाऊस, मेंढ्या आणि माझ्या दातांविषयी आहे. हा काळ्या शाईचा कागद मोठ्याने वाचू नकोस.

प्रथम तुझा प्रश्न. सांगू नकोस. आजारी माणसाच्या तोंडावर त्याचा शेवट बोलणे म्हणजे त्या शेवटाला रस्ता दाखवणे होय. कोर्टात मी भल्याभल्या वकिलांची वाक्ये जशीच्या तशी आपल्या भाषेत आणली. पण एका डॉक्टरने अशाच एका म्हाताऱ्याविषयी बोललेले वाक्य आणण्यास मी नकार दिला होता. त्यापायी मला ताकीद मिळाली. आज पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच करीन. तुझ्या दुभाषी मुलीने योग्य केले.

दुसरे. खालच्या घळीविषयी मी गुडघ्यांची आणि पायरीची कारणे दिली, ती खोटी नाहीत; परंतु ती मूळ कारण नव्हेत. मूळ कारण असे की तिथे आमचे एक माणूस राहिले आहे. आम्ही तीन भावंडे होतो. मधल्याचे नाव तू कधी ऐकले नसशील, कारण ते आम्ही घेत नाही आणि मी ते लिहिणारही नाही. ज्या जागी माणूस असा जातो त्या जागेवरून आपण पाय काढून घेतो. घर असेल तर ते सोडतो, वाट असेल तर ती बदलतो. सोडली नाही, तर जागा मागे लागते. निरोगी माणसाला आजार होतो, आणि आजारी माणसाचे काय होईल हे मी लिहीत नाही.

माझी समजूत अशी की तुझ्या आईला त्याला भेटायचे आहे. आजारात माणसाला अशी ओढ लागते. ती ओढ तिची नव्हे, तिकडची असते. म्हणून तिला वरच्या घळीत ने. दुपारची वेळ धर. उजेड पाहून तिचे मन फिरेल.

तुझ्या पत्रात "यादीत नाव लावून" या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. मी दिला आहे.

क्लेमंट

कायबिटो, २१ सप्टेंबर

मामा,

मी तुमचं ऐकलं नाही. काळा कागद वाचून दाखवला नाही, पण तिला सरळ विचारलं, "खालच्या घळीत तुझा भाऊ गेला का?"

ती मक्याची कणसं सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, "क्लेमंटने लिहिलं वाटतं. काळ्या शाईत लिहिलं असेल."

मीही एक कणीस उचललं.

"निळ्यात दातांचं होतं. दातांसाठी कुणी दोन तिकिटं लावत नाही." मग तिने आपणहून सांगितलं, आणि मी कधी तिला एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. सरकारची माणसं शेळ्या मोजायला आली, त्या उन्हाळ्यात. जमिनीवर चारा उरला नाही म्हणून शेळ्या जास्त झाल्या, असं म्हणायची आणि कुंपणात घालून गोळ्या घालायची. तुमच्या वडिलांनी अर्ध्या शेळ्या मधल्याबरोबर खालच्या घळीत लपवल्या. तिथे बंदूकवाले शिरणार नाहीत म्हणून. आभाळ निळं होतं. पाऊस पडला तो दूर डोंगरावर, तो कुणी पाहिला नाही. पाणी आलं तेव्हा त्याचा आवाज आधी आला.

"मी वर काठावर होते," ती म्हणाली. "तुझा मामा आईजवळ होता. त्याने काही पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणून तो अजून घाबरतो."

मी म्हटलं, "मग तुला तिथे का जायचंय?"

"आलीसच का 'का'वर."

डेलबर्ट दारातून ऐकत होता. तो पुढे आला. "मावशी, इतकी वर्षं मी त्या ओढ्याच्या तोंडाशी ट्रक लावतोय आणि तू आत्ता सांगतेस?"

"ट्रक तू वरच्या तोंडाशी लावतोस. वर काही नाही. पाणी खाली गेलं, सगळं खाली घेऊन गेलं. वरची घळ स्वच्छ आहे. म्हणून तर तुला तिथे धंदा करू दिला."

"आणि तू तिथे जाऊन आलीस की मी तुला ट्रकमध्ये बसवू? मग त्याच ट्रकमध्ये पाहुणे?"

"परत येताना नको बसवूस."

तो हसला, मामा. मीही हसले. ती पण हसली.

शेवटी त्याने कबूल केलं, पायरीपर्यंत पाठीवर नेईन, पुढे पाऊल टाकणार नाही. ऑक्टोबरमध्ये, पावसाळी ढग संपले की. मला वाटतं तुम्ही म्हणता तेच आहे, तिला भावाचा निरोप घ्यायचाय. पण तो तिला ओढत नाहीये. ती शांत आहे. जेवण मात्र फारसं जात नाही. गोळ्या घेते म्हणते.

अर्लीन

विंडो रॉक, २ ऑक्टोबर

अर्लीन,

हे पत्र एकाच कागदावर आणि एकाच शाईत लिहीत आहे. दोन शाईंचा उपयोग झालेला नाही.

तुझ्या आईची हकीकत बहुतांशी बरोबर आहे. मात्र शेळ्या अर्ध्या नव्हत्या, निम्म्याहून अधिक होत्या, आणि मी आईजवळ नव्हतो. मी मेंढ्यांच्या वाड्यात होतो. न पाहिल्यामुळे मी घाबरतो, हे तिचे मत मी तिच्याकडेच ठेवतो.

मी तिचा धाकटा भाऊ आहे आणि तुझा मामा आहे. आपल्यात मामाला भाचीला रागावण्याचा अधिकार असतो. तो मी आज वापरत आहे. तिला तिथे नेऊ नकोस. तू वाढलीस त्या घरात या गोष्टी शिकवत नसत, यात तुझा दोष नाही. पण न शिकवलेल्या गोष्टी घडायच्या थांबत नाहीत. मी गाणाऱ्या वैद्याला निरोप पाठवला आहे. तो पुढच्या महिन्यात येईल, चार दिवसांचा विधी करील आणि ती ओढ उतरवील. तोवर तिला धरून ठेव. तिने हट्ट केला तर ट्रक बिघडला म्हणून सांग. डेलबर्टला खोटे बोलण्याची सवय आहे. तो रोज पाहुण्यांना सांगतो की भिंतीतला तो दगड अस्वलासारखा दिसतो.

पुढचे अक्काला वाचून दाखव.

अक्का, मी तुला कधी काही मागितले नाही. शाळेतून पळून आलो तेव्हा तू मला पिठाच्या पोत्यामागे लपवलेस आणि शोधायला आलेल्या शिपायाच्या तोंडावर दार लावलेस, तेही मी मागितले नव्हते. आज मागतो. वरच्या घळीत जा. माझ्या वाटणीचा उजेड पाहून ये. तो गेला, त्याला आपण तिथे सोडले, आणि सोडले म्हणून आपण दोघे जगलो. आता त्याच्याकडे जाऊ नकोस. माझे कमरेचे हाड मला बसमध्ये बसू देत नाही. नाहीतर मी स्वतः येऊन वाटेत उभा राहिलो असतो.

क्लेमंट

कायबिटो, ४ नोव्हेंबर

मामा,

तुम्हाला निरोप मिळाला असेल. फोनवर इथल्या दुकानदाराने किती सांगितलं कुणास ठाऊक. मला आधी लिहिता आलं नाही.

तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं होतं. पोत्याचं ऐकून ती म्हणाली, "पोतं मक्याचं होतं, पिठाचं नव्हतं. बघ, त्याचीसुद्धा चूक होते." नंतर म्हणाली, "त्याला सांग, तू फार शुद्ध लिहितोस. वाचायला मात्र कुणाकडे तरी शिक." मला अर्थ कळला नाही. उत्तर पाठवू का विचारलं तर म्हणाली, नंतर.

ऑक्टोबरच्या अठरा तारखेला सकाळी ती अंघोळ करून, रोजचे कपडे नव्हे, तुम्ही कधी काळी दिलेला तो मखमली झगा घालून, मांडवाबाहेर उभी होती. आभाळ सगळीकडे कोरडं. डेलबर्टने ट्रक बिघडल्याचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग चालत जाते." त्याने दार उघडलं.

त्याने तिला पाठीवर घेतली तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "हिचं वजन कुठे गेलं?" मला तेव्हाच कळायला हवं होतं. पायरीपाशी त्याने तिला वर चढवली आणि तिथेच थांबला. पुढे मी तिला धरून नेलं. जागा अगदी अरुंद, भिंती एकमेकींना टेकतील अशा. उजेड वरून येतच नाही, निळसर काहीतरी खाली पोचतं. एका ठिकाणी थोडं रुंद आहे. तिथे तिने मक्याच्या परागकणांची पुडी सोडली, प्रार्थनेची चिमूट टाकली, बसली.

मी थोडा वेळ उभी राहिले. मग म्हटलं, "झालं? निघू या."

"तू नीघ. डेलबर्टला सांग, घरी जा. त्याने इथून पुढे यायचं नाही आणि वरच्या घळीत उद्या नेहमीसारखं कामाला जायचं. तू परत ये."

"परत म्हणजे?"

"गोळ्या मी महिना झाला घेतल्या नाहीत. जेवण कुत्र्याला घातलं. तुम्ही मामा-भाचीने मिळून मला काय सांगायचं नाही ते ठरवलंत. तुम्ही गप्प बसलात की मला जास्तच ऐकू येतं."

मामा, मी भांडले. ओढायला गेले. तिने माझा हात धरला, ताकद कुठून आली माहीत नाही, आणि बोलत राहिली. ते सगळं तुमच्यासाठी लिहिते.

"तुझं नवं घर. त्यात मी गेले तर? तू राहशील, तुला कशाची भीती नाही. पण डेलबर्टची पोरं दारात थबकतील. तुझ्या हातचं पाणी कुणी पिणार नाही. तोंडावर कुणी काही म्हणणार नाही, येणंच सोडतील. बाहेर मांडवात गेले तरी ते तुझं अंगण. पठारावरचं होगन माझ्या आईचं, ते मला मोडायचं नाही. वरच्या घळीत गेले तर डेलबर्टचं पोट जाईल, आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांचं."

मी म्हटलं, "दवाखाना होता ना!"

"तिथे माझ्याआधी इतके गेलेत की मला उभं राहायला जागा मिळायची नाही. इथे एकच आहे, आणि तो माझा भाऊ आहे. ही जागा आधीच गेलेली. माझ्यामुळे नवं काही जाणार नाही."

मी रडत होते. ती म्हणाली, "रडतेस काय? तुला त्या लोकांकडे पाठवलं म्हणून इतकी वर्षं रागावलीस. आज माझ्याजवळ बसता येईल असं घरात दुसरं कोण आहे? तुला काही बाधत नाही. बस."

मी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतरपर्यंत. तिने पाणीही घेतलं नाही. तुमच्या मधल्याचं नाव तिने एकदा घेतलं, मी लिहीत नाही. मग झालं.

आपल्यातलं कुणी मेलेल्याला हात लावणार नव्हतं, म्हणून चर्चचे दोघे आले. त्यांनी तिला तिथेच वरच्या कपारीत, पाणी पोचत नाही तिथे, दगड रचून ठेवलं. पोलीस नंतर आले, कागद लिहून गेले. डेलबर्ट चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी सरपण आणून टाकलं, पण मांडवापाशी, घरापाशी नाही. वरच्या घळीत मात्र तो दुसऱ्या दिवसापासून जातोय.

मी घरात गेलेले नाही. ट्रकच्या मागे झोपते. ज्यासाठी तिने असं केलं त्या खोलीत मी कशी झोपू? किल्ली परत देऊन टाकावी असं मनात आहे.

वर्तमानपत्राला पाठवायचा मजकूर सोबत जोडला आहे, त्यांच्या छापील नमुन्यावरून भरला. "राहत्या घरी शांतपणे निधन" असं लिहिलंय. खरं लिहिलं तर लोक म्हणतील, गोऱ्यांच्या लेकीने आईला दरीत नेऊन टाकलं. तपासून लगेच परत पाठवा. शनिवारी द्यायचंय.

अर्लीन

विंडो रॉक, ६ नोव्हेंबर

अर्लीन,

हे पत्र टपालाने न पाठवता शेजाऱ्याच्या मुलाच्या गाडीने पाठवत आहे, कारण शनिवारपूर्वी ते तुझ्या हातात पडले पाहिजे.

"राहत्या घरी" हे दोन शब्द मी खोडले आहेत. कागद फाटेल इतके खोडले आहेत. तुला अजून लक्षात आलेले दिसत नाही की तू काय लिहिलेस. ते वर्तमानपत्र कायबिटोपासून इथपर्यंत प्रत्येक दुकानात वाचून दाखवले जाते. ते दोन शब्द छापले गेले, की रविवारपासून तुझ्या दारात कोणी पाऊल ठेवणार नाही आणि डेलबर्टही सरपण कुंपणाबाहेर टाकील. पुरुषभर उंचीच्या पायरीवरून तिने स्वतःला ज्या गोष्टीसाठी नेले, ती तू एका छापील नमुन्यातल्या सोयीच्या शब्दांसाठी रद्द करायला निघाली होतीस. लोक तुला काय म्हणतील याची भीती खरी आहे. ते म्हणतील. म्हणू देत. तुला ते ऐकावे लागेल, आणि तसे म्हणूनही ते तुझ्याकडे पाणी पितील.

किल्ली परत देऊ नकोस. हे मी मामा म्हणून सांगत आहे, विनंती नव्हे.

माझ्या मागच्या दोन पत्रांतली समजूत चूक होती. ती त्याच्याकडे जात नव्हती; ती तुमच्यापासून दूर जात होती. तिचा निरोप मला मिळाला. पोते मक्याचे होते, हेही मान्य.

तिचे नाव मी मजकुरातून काढले आहे. ते छापायचे नाही. आता तारखा. मजकुरात याच घाल, दुसऱ्या नाहीत.

जन्म. तू १ जानेवारी १९२० लिहिलेस. ती दवाखान्याच्या कार्डावरची तारीख आहे; ज्यांना आपला दिवस सांगता येत नसे, त्या सर्वांना कारकून तीच देत असे. फेब्रुवारी १९२१. दिवस कोणाला ठाऊक नाही.

शेळ्या मारल्या ते वर्ष. १९३७ नव्हे, १९३४.

तिच्या भावाचा मृत्यू. तू ही ओळ मोकळी सोडलीस. ऑगस्ट १९३४, खालची घळ. नाव न घालता छाप. त्या जागी आधीच कोणी होते, हे लोकांना कळले पाहिजे.

तुझे यूटाला जाणे. १९५९ बरोबर आहे, पण "पाठवण्यात आले" हे चूक. आईने पाठवले.

खालच्या घळीत जाणे. १८ ऑक्टोबर १९९१. "सहलीसाठी" हा शब्द काढ. "स्वतःच्या इच्छेने" असे घाल.

मृत्यू. पोलिसांच्या कागदावर २० ऑक्टोबर आहे. तो ते आले तो दिवस. १९ ऑक्टोबर, दुपारनंतर. ठिकाण : खालची घळ. तू तिथे होतीस, कागद नव्हता.

घर. बांधून पूर्ण, मार्च १९९१. आज ६ नोव्हेंबरपर्यंत त्यात कोणीही मेलेले नाही.